वाळूवरची लाल साय

सकाळी टाकीचे दिवे लागतात तेव्हा वाळू बऱ्यापैकी पांढरी दिसते. दुपारी तीनच्या सुमारास तिच्यावर गडद लाल, मखमली साय धरलेली असते आणि त्या सायीत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे अडकलेले असतात. नळीच्या टोकाने कड उचलली की अख्खा पापुद्रा सुटून येतो. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे बहुतेक जण तिला कधी ना कधी भेटतात आणि विचारतात, ‘हे शेवाळ घालवायला काय टाकू?’

मुळात हे शेवाळ नव्हेच. शाळेत ‘नीलहरित शेवाळ’ म्हणून शिकलो ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे ते लाल दिसतात. बुडबुडे आहेत प्राणवायूचे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. एवढ्या जुन्या, चिवट कुळाशी आपण बाटलीभर औषधाने लढायला जातो! एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने साय मरते, हे खरे. पण मेलेल्या पेशींमधले नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यातच राहतात, आणि काही दिवसांत साय परत येते.

म्हणून मी आधी हिशेब बघतो, टाकीत काय जाते आणि काय बाहेर येते याचा. गोठवलेल्या खाद्याची वडी पाण्यात सोडली की तिचा गढूळ रसही जातो. गाळणीत वितळवून तो रस ओतून देणे सोपे आहे. नळाचे पाणी कधीच नको. आर.ओ. आणि त्यापुढच्या डी.आय. (उरलेले क्षार काढणाऱ्या) फिल्टरमधून आलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्य यायला हवा. नव्या टाकीत काचेवर तपकिरी भुकटी बसते ती डायटमची, म्हणजे सिलिकेचे कवच असलेल्या एकपेशीय शेवाळाची. पाण्यातली सिलिका संपली की ती आपोआप ओसरते, तिची चिंता नको.

हिरव्या केसांसारखे शेवाळ माजलेले असताना फॉस्फेटची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या फॉस्फरसची, चाचणी शून्य दाखवते, तेव्हा माणूस बुचकळ्यात पडतो. फॉस्फेट गेलेला नसतो, शेवाळाने तो पोटात घेतलेला असतो. शिवाय चुनखडीचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि महिनोन्‌महिने थोडाथोडा सोडत राहतात.

मग शून्यावरच आणायचे का? मी ते करून बसलो. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे भरभरून घातले. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले आणि दगडांवरून तपकिरी, शेंबडासारखे धागे लोंबू लागले. थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तिळासारख्या पेशी एका टोकाला दोरीने बांधल्यासारख्या गरगर फिरत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस! हे डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव, विषारी असतात. शेवाळ खायला ठेवलेल्या माझ्या टर्बो जातीच्या गोगलगायी एकामागून एक उलटून मेल्या. स्पर्धा करणारे बाकीचे सूक्ष्मजीव उपाशी राहिले की यांना रान मोकळे मिळते. आता मी नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास ठेवतो.

गोगलगायींना मी फार मानतो, आणि त्याचे कारण कॅरिबियन समुद्रात आहे. १९८३ साली पनामाजवळ डायडेमा जातीचे, लांब काळ्या काट्यांचे, शेवाळ चरणारे सी-अर्चिन हे समुद्री प्राणी मरू लागले आणि वर्षभरात त्या समुद्रातले ९० टक्क्यांहून अधिक संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे मासेमारीने आधीच विरळ झाले होते, १९८० च्या ॲलन वादळाने प्रवाळही मोडला होता. चरणारे कोणी उरले नाही आणि खडक शेवाळाने झाकले गेले. पन्नास टक्क्यांवरचा जिवंत प्रवाळ दहा-पंधरा वर्षांत पाच टक्क्यांच्याही खाली आला.

लाल साय आली की मी आठवड्यातून दोनदा ती नळीने ओढून घेतो आणि जिथे पाणी साचून राहते त्या कोपऱ्याकडे पंपाचा झोत वळवतो. टाकीखालच्या डब्यात कीटोमॉर्फा हे तारेच्या गुंत्यासारखे शेवाळ मुद्दाम वाढवले आहे. वरचे दिवे मालवले की रात्री त्याचा दिवा लागतो. महिन्याला त्यातले दोन मुठी उपटून, पिळून बाहेर काढतो. तेवढा नायट्रोजन, तेवढा फॉस्फरस टाकीतून कायमचा जातो.