मांस खाणं धर्मात बसतं का? मनूपासून तिखटाच्या गौरींपर्यंत

आषाढ संपत आला की हा वाद दरवर्षी ठरलेला. एक म्हणतो आपल्या धर्मात मांसाहार म्हणजे पापच, दुसरा म्हणतो अरे वेदकाळात सर्रास खायचे, आणि गंमत म्हणजे दोघंही पुरावा म्हणून मनुस्मृतीच काढतात. आणि दोघांनाही तो तिथे मिळतो! पाचवा अध्याय उघडा. प्राण्याला मारल्याशिवाय मांस मिळत नाही म्हणून ते सोडा असं तिथे आहे. परवानगी देणारा, कापणारा, मारणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा, सगळे सारखेच घातकी असंही आहे. आणि त्याच अध्यायात थोडं वर असंही आहे की श्राद्ध-यज्ञात रीतसर वाढलेलं मांस जो खायला नकार देईल तो पुढचे २१ जन्म पशू होईल. शेवटी ५६ वा श्लोक येतो, 'न मांसभक्षणे दोषो', म्हणजे मांस खाण्यात दोष नाही, ती माणसाची प्रवृत्तीच आहे, पण सोडलं तर मोठं फळ. वाद घालणारे बहुतेक या श्लोकाची अर्धीच ओळ घेऊन येतात, कुठली ते ज्याच्या त्याच्या ताटावर अवलंबून.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास हा ग्रंथ आकाराला येत होता तेव्हाच दोन्ही मतं जोरात होती आणि संकलन करणाऱ्याने दोन्ही ठेवून दिली. मांस खाण्याच्या बाजूचं मत अर्थातच जुनं, यज्ञाचं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात १६२ वं सूक्त अश्वमेधाच्या घोड्याचं आहे, त्यात मांस शिजतंय, रस्सा ओतायची भांडी आहेत, झाकणं आहेत, आणि भोवती जमलेले लोक 'वास छान सुटलाय, उतरवा आता' म्हणतायत. अक्षरशः असंच आहे. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींच्या ग्रंथात गाय-बैल खाऊ नयेत असा नियम सांगितलाय आणि लगेच त्याच्यापुढे याज्ञवल्क्याचं म्हणणं दिलंय की मी तर खातो बुवा, मांस चांगलं असेल तर. नियम आणि तो न पाळणारा ऋषी, दोघंही एकाच परिच्छेदात, कोणाला त्यात अवघडल्यासारखं झालेलं दिसत नाही.

पुढे धर्मसूत्रांचा काळ आला तेव्हा चर्चा खावं की नाही अशी नव्हतीच, काय खावं अशी होती. पाच नखं असलेल्या प्राण्यांपैकी पाचच चालतात हा तेव्हाचा प्रसिद्ध नियम, त्यात साळिंदर, घोरपड, ससा, कासव वगैरे येतात. रामायणात वाली मरता मरता रामाला हाच नियम ऐकवतो, की मी तर माकड, या यादीत नाही, मला खाता येत नाही, मग मारलंस कशाला?

मग हे बदललं कसं? सरळ उत्तर म्हणजे बौद्ध आणि जैन. यज्ञातल्या पशुहत्येवर सगळ्यात मोठा हल्ला त्यांनीच केला आणि त्याचा दबाव राज्यकर्त्यांपर्यंत पोचला. अशोकाचा पहिला शिलालेख म्हणतो की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, आणि तेही पुढे बंद. आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना जो तुकडा सापडला तो आठव्या शिलालेखाचा, त्यात आधीचे राजे करायचे त्या शिकारीच्या सहली सोडून अशोकाने धर्मयात्रा सुरू केल्याचा मजकूर येतो. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये मांडलं की ब्राह्मणांनी बौद्धांवर मात करायला मांसाहार सोडला. सगळे अभ्यासक ते पूर्ण मान्य करत नाहीत, कारण उपनिषदं आणि संन्यासमार्ग यांच्यातही अहिंसेचा धागा होताच, पण स्पर्धा होती हे नाकारणं अवघड आहे.

महाभारत हे या ओढाताणीचं सगळ्यात चांगलं दर्शन. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला मांस सोडण्याचं पुण्य पानंच्या पानं सांगतो. आणि वनपर्वात मिथिलेतला धर्मव्याध आहे, भर बाजारात रानडुकराचं आणि रेड्याचं मांस विकत बसलेला, आणि एक तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला येतो. व्याध म्हणतो मी स्वतः मारत नाही, खातही नाही, वाडवडिलांचा धंदा आहे, आणि बाबा रे शेतात नांगर चालतो तेव्हा किती जीव मरतात ते मोज. हा युक्तिवाद आजही तसाच्या तसा ऐकू येतो, फक्त व्याधाचं नाव कोणी घेत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा पुरावा. भवभूती, विदर्भातल्या पद्मपूरचा, आठव्या शतकातला. त्याच्या उत्तररामचरितात चौथ्या अंकाच्या सुरुवातीला वाल्मीकींच्या आश्रमातले दोन विद्यार्थी गप्पा मारतायत. पाहुणे आलेत म्हणून शाळेला सुट्टी, पोरं खूश. त्यातला सौधातकी विचारतो हे दाढीवाले कोण आलेत, तर कळतं वसिष्ठ. तो म्हणतो, मला वाटलं वाघ की लांडगा आलाय, आल्या आल्या बिचारी कालवड मडमड करून खाल्ली! दुसरा त्याला समजावतो की मधुपर्क, म्हणजे पाहुण्याच्या स्वागताचं दही-मध, मांसासकट द्यावा असं शास्त्रच आहे. मग जनकाला नुसतं दही-मध देऊन कालवड सोडून का दिली? तर जनकाने मांस सोडलंय म्हणून. म्हणजे आठव्या शतकात शास्त्र तर माहीत होतं, पण ते ऐकून पोराला हसू येत होतं आणि नाटककाराला ते हसू रंगमंचावर आणायला भीती वाटत नव्हती. आज हा प्रवेश कोणी जसाच्या तसा करून दाखवावा!

शास्त्र बदलता येत नाही आणि लोकांना तर आता पटत नाही, या अडचणीवर पंडितांनी काढलेल्या वाटा बघण्यासारख्या आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत विद्वान पाहुण्यासाठी मोठा बैल किंवा मोठा बोकड ठेवावा असं सांगितलंय. त्यावर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर म्हणतो, विधी आहे खरा, पण लोकांना त्याची घृणा आहे म्हणून तो आचरणात आणत नाहीत. आधार? त्याच स्मृतीतलं दुसरं वचन, की धर्माला धरून असलं तरी 'लोकविद्विष्ट' असेल ते करू नये. दुसरी वाट कलिवर्ज्याची, गाईचा बळी आणि श्राद्धातलं मांस पूर्वीच्या युगात ठीक होतं, कलियुगात बंद, झालं! तिसरी वाट प्रतिनिधीची, पिठाचा पशू करायचा, माध्व संप्रदायात यज्ञासाठी तोच मानला जातो, आणि आपल्याकडे नवरात्रात बोकडाच्या जागी कोहळा कापतात तोही यातलाच प्रकार.

पण यावरून सगळा समाज शाकाहारी झाला असं समजू नका. विज्ञानेश्वर ज्या कल्याणीत, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी लिहीत होता, त्याच विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याचा मानसोल्लास हा ग्रंथ साधारण ११२९-३० चा, आणि त्यातल्या खाण्याच्या भागात रानडुक्कर भाजण्याची कृती आहे, हरणाचं मांस आहे, मासे आहेत, आणि शेतातले उंदीर गरम तेलात टाकून केस काढून निखाऱ्यावर कसे भाजावेत हेही आहे. एकाच राजधानीत एका पिढीच्या अंतराने पंडित म्हणतोय लोकांना घृणा आहे आणि राजा रेसिपी लिहितोय. 'लोक' म्हणजे नेमके कोणते लोक हा प्रश्न तेव्हाही होताच.

महाराष्ट्रात खालच्या थरापर्यंत मांस सोडायचा विचार नेला तो पंडितांनी नाही, संतांनी. चक्रधरांचं वचन प्रसिद्ध आहे, तुमच्यामुळे मुंगीसुद्धा विधवा होऊ नये. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेवर बोलताना ज्ञानेश्वर यज्ञवाल्यांची चांगलीच फिरकी घेतात, पावसासाठी इष्टी करायची आणि तिच्या बुडाशीच 'पशुहिंसा रोकडी', म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घातल्यासारखं. पुढे वारकऱ्यांच्या तुळशीच्या माळेबरोबर मांस-दारू सोडणं आलंच. गावाकडे अजूनही 'तो माळकरी आहे' एवढं सांगितलं की ताटात काय वाढायचं ते कळतं, आणि अशा घरात पोरांना मटण खायचंच झालं तर अंगणात तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, आणि ते पातेलं परत स्वयंपाकघरात येत नाही.

आणि दुसरीकडे देव तेच राहिले. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा, बोकडाचं मटण खंडोबाचं नाही म्हणे, ते मणी दैत्याचं, त्याने मरताना मागून घेतलेलं. एकवीरेला आगरी-कोळ्यांचा कोंबडा-बकरा चालतो. कोकणपट्टीत काही घरांत तिखटाच्या गौरी असतात, गौरीला मटण किंवा कुर्ल्यांचा नैवेद्य, आणि शेजारी गणपती बसलेला म्हणून मधे पडदा धरायचा. पुरीला जगन्नाथाच्या आवारात तर विमलादेवीला दुर्गापूजेत बोकड आणि मासे चढतात, तेही रात्री, जगन्नाथ झोपलेला असताना. बंगालात कालीच्या प्रसादाचं मटण कांदा-लसूण न घालता करतात आणि त्याला चक्क 'निरामिष' म्हणतात.

ब्राह्मण म्हणजे शाकाहारी हे समीकरणही देशावरचं आणि दक्षिणेतलं. काश्मिरी पंडितांच्या शिवरात्रीला मांस-मासे असतात, मैथिल आणि बंगाली ब्राह्मणांना मासा शुभ, आणि आपल्याकडच्या सारस्वतांना तर या माशांपायी शतकानुशतकं ऐकून घ्यावं लागलं, तुम्हाला ब्राह्मणाची सहा कर्मं (वेद शिकणं-शिकवणं, यज्ञ करणं-करवणं, दान देणं-घेणं) नाहीत, तीनच, असे वाद पेशवाईतही गाजले. मासे मात्र सुटले नाहीत.

आत्ताचं चित्र आकड्यांत बघायचं तर २०१४ च्या सरकारी नमुना सर्वेक्षणात महाराष्ट्रात साधारण ४० टक्के लोक शाकाहारी निघाले, राजस्थानात ७५, बंगालात दोन टक्केही नाहीत. एकाच देशातले लोक, एवढा फरक. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या ४४ टक्के हिंदूंनी स्वतःला शाकाहारी म्हटलं, आणि उरलेल्यांपैकीही बरेच जण काही ठरावीक दिवशी किंवा ठरावीक मांस टाळणारे. आपल्याकडे तर सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी वगळून उरतं काय, बुधवार, शुक्रवार आणि रविवार, म्हणून मटणाच्या दुकानापुढे रांगा त्याच दिवशी. विदर्भात पोळा झाला की दुसऱ्याच दिवशी कर, त्या दिवशी मटण पाहिजेच, आणि तोवर श्रावण संपलेला असतो म्हणून कोणाची हरकतही नसते.