देशाची संपन्नता आणि देशाची आरोग्यसेवा

दरडोई उत्पन्न वाढले की लोकांचे आरोग्य आपोआप सुधारते, असे गृहीत धरणारे पुष्कळ आहेत. दवाखाने बांधून डॉक्टर नेमले की तेच साधते, असे मानणारेही कमी नाहीत. वस्तुतः आर्थिक साधने आणि आरोग्यसेवेची साधने यांचे काम निरनिराळे आहे. माणूस किती वेळा आजारी पडेल हे बरेचसे पहिल्यावर ठरते आणि आजारी पडलेला वाचेल की नाही हे दुसऱ्यावर; लसीकरण हा यातला मोठा अपवाद.

नंदुरबार जिल्ह्यात हा फरक स्पष्ट दिसतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडील तीव्र कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवतात, उपचारात्मक दूध व औषधे देतात, सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते आणि बाळाचे वजन वाढते. पण मुकादमाची उचल घेतलेले ते कुटुंब दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले, की अंगणवाडीचा आहार गावातच राहतो आणि वजन पुन्हा घसरू लागते. येथे आरोग्यसेवेने आपले काम केलेले असते. उणीव गावातल्या रोजगाराची असते. याउलट, भिल्ल आणि पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आजार आनुवंशिक असल्यामुळे घरात पैसा आला म्हणून तो टळत नाही. तेथे रक्ततपासणी, विवाहापूर्वीचे समुपदेशन, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा अखंड पुरवठा आणि जवळची रक्तपेढी यांनीच फरक पडतो.

साधने मोजण्याची रीतही फसवी असते. मैदानी भागात 30,000 आणि डोंगराळ-आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष मुख्यतः डोक्यांचा आहे, अंतराचा नाही. तापीकाठच्या सलग वस्तीत तो चालून जातो. सातपुड्यात मात्र विखुरलेल्या पाड्यावरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीतून रुग्णवाहिकेच्या रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेव्हा कागदावरचे केंद्र फार दूर असते.

देशांची तुलना केली तरी हेच दिसते. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांनी 1975 मध्ये दाखवले, की गरीब देशांत उत्पन्नाच्या थोड्या वाढीबरोबर आयुर्मान झपाट्याने वाढते, श्रीमंत देशांत ती चढण सपाट होते. 2019 मध्ये अमेरिका सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे 17 टक्के आरोग्यावर खर्च करत होती आणि तिचे आयुर्मान सुमारे 79 वर्षे होते. जपानचा खर्च 11 टक्क्यांच्या आसपास आणि आयुर्मान 84. अमेरिकेच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके दरडोई उत्पन्न असलेला कोस्टा रिका 80च्या घरात होता. तेथे 1941 मध्ये उभारलेली सामाजिक विमा संस्था आणि 1990च्या दशकापासून वस्त्यांपर्यंत पोहोचणारी प्राथमिक आरोग्य पथके यांचा त्यात मोठा वाटा आहे.

आरोग्यसेवा तोकडी असली की ती उलट आर्थिक साधनेच खाते. भारतात एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता. तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला, ही मोठी सुधारणा आहे. तरीही त्या वर्षी सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.84 टक्केच होता आणि 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे लक्ष्य 2.5 टक्के होते. हा फरक कोणीतरी भरतोच. केळीच्या हंगामात चांगले उत्पन्न घेणारे जळगावकडचे घरसुद्धा एका शस्त्रक्रियेपायी सोने गहाण ठेवते आणि पुढच्या लागवडीची रोपे उधारीवर आणते.