उलट्या निगेटिव्हचा घोळ: गोव्यातल्या जुन्या बस-ट्रकांच्या छायाचित्रांची पार्श्वभूमी

गोव्यातल्या जुन्या बस-ट्रकांच्या छायाचित्रांखाली साधारण दोन तऱ्हेच्या ओळी वाचायला मिळतात. 'पोर्तुगीज काळातली कारेर' (म्हणजे प्रवासी बस) ही एक आणि 'शेवरोले, 1950' ही दुसरी. पहिलीला बहुतेक वेळा आधार नसतो. दुसरीत चासी (इंजिन आणि चाके जोडलेला गाडीचा खालचा सांगाडा) कारखान्यातून बाहेर पडल्याचे वर्ष आणि फोटो काढल्याचे वर्ष एकच धरलेले असते. प्रत्यक्षात 1950 ची चासी 1975 मध्ये म्हापशाच्या बाजारात उभी असू शकते, तीही तिसरी बॉडी आणि दुसरे इंजिन घेऊन. गोव्यात ही शक्यता इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. त्याची कारणे 1955 ते 1989 या पट्ट्यात सापडतात, म्हणून या टिपणाचा भरही त्याच काळावर आहे.

दुसऱ्या महायुद्धाआधीचे थोडक्यात. त्या काळच्या बसेस म्हणजे लॉरीच्या चासीवर सुताराने चढवलेला लाकडी सांगाडा. उघड्या खिडक्या, त्यांवर गुंडाळून ठेवायचे ताडपत्रीचे पडदे, टपावर सामानाची चौकट आणि मागे शिडी. अशा बॉडीवरून काळ ठरवायला जाऊ नये, कारण ती एका चासीवरून दुसऱ्या चासीवर जात असे. ओळख पटवायची ती काउलपासून (बॉनेट आणि काच यांमधल्या पत्र्यापासून) पुढच्या भागावरून: बॉनेट, जाळी, मडगार्ड आणि दिव्यांची जागा.

युद्धानंतर दोन गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्या. लष्कराने मोडीत काढलेली वाहने उपखंडभर स्वस्तात मिळू लागली आणि गोव्यात लोहखनिजाची निर्यात वाढू लागली. लष्करी मालातली कॅनडाची फोर्ड आणि शेवरोले वाहने बसक्या नाकावरून लगेच कळतात. त्यांच्या 13 क्रमांकाच्या केबिनची पुढची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली असते. तेवढी एक खूण दिसली तरी पुरते. सुरुवातीच्या खाणींत माल टोपल्यांनी भरला जाई आणि ट्रक लहान होते. यांत्रिक खाणकाम वाढले तसे धक्क्याकडे जाणारे ट्रक आखूड चासीचे आणि उचलत्या हौद्याचे झाले. त्यामुळे एकाच खाणीच्या दोन फोटोंत कोणता आधीचा हे ठरवताना हौदा आणि फाळका (हौद्याची उघडती मागची बाजू) बघणे उपयोगी पडते. बसच्या बाबतीत ही सोय नाही.

शेवरोलेचे वर्ष बारकाईने काढता येते. 1941 ते 1946 च्या जाळीत वर आडव्या आणि खाली उभ्या पट्ट्या आहेत. 1947 च्या मध्यापासून पाच आडव्या पट्ट्यांचे गोलसर तोंड आले. 1951 पासून दाराच्या काचेत पुढे तिकोनी झडप आहे. 1952 मध्ये खाली वळवायचा दांडा जाऊन बटण दाबायची मूठ आली. 1954 मध्ये दोन तुकड्यांच्या पुढच्या काचेऐवजी एकसंध काच बसली आणि जाळीही बदलली. म्हणजे पाच पट्ट्या, दुभंगलेली काच, झडप आहे पण बटण नाही, असे दिसले तर ते 1951 चे मॉडेल. मात्र बसमध्ये बॉडी बांधताना कारखान्याचे दार आणि काच दोन्ही काढून टाकलेली असतात. तिथे फक्त जाळी उरते आणि 1947 ते 1953 यापेक्षा नेमके बोलता येत नाही. फोर्डचे काम सोपे आहे. 1948 ते 1950 च्या एफ मालिकेत खोलगट जागेत आडव्या पट्ट्या आहेत. 1951 आणि 1952 मध्ये दोन दिव्यांना जोडणारी जाड आडवी पट्टी आणि तिच्यावर तीन दात आहेत.

बेडफर्डमध्ये फसगत होते. 1939 ते 1953 च्या ओ मालिकेचे, आणि त्याच घराण्यातल्या ओबी बसचे, गोल उंच बॉनेट परिचयाचे आहे. पण 1953 च्या ए मालिकेचे तोंड पाच पट्ट्यांच्या शेवरोलेच्या वळणाचे आहे. दोन्ही एकाच अमेरिकन मालकाच्या कंपन्या, त्यामुळे हे साम्य आले. पुसट फोटोत त्यांची सर्रास अदलाबदल होते. बॉनेटवरची अक्षरे वाचता येत नसतील तर 'शेवरोले किंवा बेडफर्ड ए' असेच लिहावे. त्याहून गुंता ब्रिग्जच्या केबिनचा. 1940 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये डॉज, लेलँड कॉमेट आणि फोर्डचा थेम्स हे तिघेही ब्रिग्ज या एकाच पुरवठादाराची केबिन वापरत होते. दारे आणि काचा सारख्या, पण जाळी आणि मडगार्ड वेगळे. केबिनवरून नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मुंबईत जुळणी झालेल्या डॉज, फार्गो आणि डिसोटो यांत तर फरक मुख्यतः नावाच्या पट्टीचा. ती पट्टी गळून पडली असेल तर तिघांपैकी एक निवडणे म्हणजे अंदाजाला पुराव्याचे नाव देणे.

आता सगळ्यात जास्त वाद होतो तो मुद्दा. बसचे दार उजव्या बाजूला असलेले फोटो मधूनमधून समोर येतात. त्यांचे स्पष्टीकरण ठरलेले असते: 'पोर्तुगीज राजवटीत वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालत, 1961 नंतर डावीकडून चालू लागली.' ऐकायला पटते, पण ते चूक आहे. पोर्तुगालने 1 जून 1928 रोजी उजवी बाजू स्वीकारली हे खरे. पण ज्या वसाहतींच्या सीमेपलीकडे डावीकडून वाहतूक होती त्यांना या बदलातून वगळले होते. गोवा, मोझांबिक आणि मकाव हे तिन्ही प्रदेश डावीकडेच राहिले. सावंतवाडी आणि कारवारकडून येणारा रस्ता सीमेवर बाजू बदलत नव्हता, आणि 1961 च्या डिसेंबरात गोव्याला बाजू बदलावी लागली नाही. बाजू बदलणे म्हणजे प्रत्येक बसचे दार कापून दुसरीकडे बसवणे. तसे झाले असते तर त्याच्या खुणा बॉडीवर वर्षानुवर्षे दिसल्या असत्या.

मग उजव्या दाराचे फोटो येतात कुठून? बहुतेक उलट्या छपाईतून. निगेटिव्ह कागदावर ठेवताना चकाकती बाजू खाली गेली की चित्र आरशातल्यासारखे उलटते. मूळ निगेटिव्ह हाती असेल तर तपासणी सोपी आहे. चकाकती बाजू आपल्याकडे आणि मळकट बाजू पलीकडे धरली की कडेची अक्षरे आणि आकडे सुलट वाचता यायला हवेत. छापलेल्या प्रतीत सर्वांत आधी अक्षरे बघावीत, मग साडीचा पदर. तो डाव्या खांद्यावर असतो. एकीचा पदर उजवीकडे दिसला तर योगायोग म्हणता येईल, चौघींचा दिसला तर निगेटिव्ह उलटा आहे. पुरुषांच्या सदऱ्याची डावी पट्टी उजवीवर येते, पण लहान प्रतीत तेवढे दिसत नाही. इमारतींवरून ठरवताना एक सावधगिरी हवी. पणजीच्या चर्चचा दर्शनी भाग आणि त्याच्या नागमोडी पायऱ्या डावी-उजवीकडे जवळजवळ सारख्या आहेत. ते चर्च पार्श्वभूमीला असलेला फोटो उलटला तरी पणजीच्या माणसालाही चटकन कळत नाही. बाजूच्या इमारती जुळवून बघाव्या लागतात.

दार आणि स्टिअरिंग एकत्र वाचले की प्रश्न बराचसा सुटतो. नेहमीच्या बसमध्ये स्टिअरिंग उजवीकडे आणि दार डावीकडे. उलट्या छपाईत दोन्ही बदलतात, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे आणि दार उजवीकडे येते. पण स्टिअरिंगही डावीकडे आणि दारही डावीकडे असेल तर ते उलट्या छपाईने घडत नाही. ती परदेशी पद्धतीची चासी आहे आणि बॉडी इथल्या रस्त्यासाठी बांधलेली आहे. अमेरिकन लष्कराचा तीन आसांचा जीएमसी डाव्या स्टिअरिंगचाच होता, आणि तो डावीकडून चालणाऱ्या देशांतही तसाच धावला. तेव्हा डावे स्टिअरिंग हा रस्त्याच्या नियमाचा पुरावा होत नाही. दुर्दैवाने 'उजवीकडच्या वाहतुकीची' कथा रंगतदार आहे आणि एकदा छापली गेली की तिला विरोध करणारा अरसिक ठरतो. या एका समजुतीने जितक्या ओळी बिघडवल्या, तितक्या चुकीच्या जाळ्या ओळखूनही बिघडल्या नसतील.

1955 मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर गोव्याला लागणारा माल मुख्यतः समुद्रमार्गे, मुरगाव बंदरातून येऊ लागला. त्यामुळे त्या पाच-सहा वर्षांत गोव्यातली आणि शेजारच्या मुंबई राज्यातली वाहने वेगळी दिसू लागतात. तिकडे जमशेदपूरला 1954 पासून टाटा-मर्सिडीज बनू लागले होते, चेन्नईजवळच्या कारखान्याचे नाव 1955 मध्ये अशोक लेलँड झाले. ही भारतीय जुळणीची वाहने गोव्यातल्या फोटोत दिसली तर फोटो 1961 नंतरचा असण्याकडे झुकावे. पण मर्सिडीजच्या बाबतीत घाई नको. थेट जर्मनीहून आलेला ट्रक आणि जमशेदपूरचा ट्रक यांचे तोंड एकच असू शकते. जाळीवरचा मर्सिडीजचा तारा पाहून निकाल देता येत नाही, नावाची पट्टी वाचता आली पाहिजे.

त्या ताऱ्याचा दुसऱ्या टोकालाही गैरवापर होतो. टाटा आणि मर्सिडीजचा करार 1969 मध्ये संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचे 'टी' अक्षर आले. म्हणून टी दिसला की फोटो 1969 किंवा त्यानंतरचा, हे बरोबर. तारा दिसला की फोटो 1969 पूर्वीचा, हे मात्र चूक. तारा जाळीवर पुढेही राहिला. काही मालकांनी टी असलेल्या गाडीवरही हौसेने तारा बसवला.

19 डिसेंबर 1961 च्या आसपासच्या फोटोंत आणखी एक गोंधळ असतो. नंबरपाटीवर वर टोक केलेला बाण असेल तर ते भारतीय लष्कराचे वाहन. जबलपूरला बनलेले शक्तिमान हे लष्करी ट्रक 'गोव्यातला जुना ट्रक' म्हणून फिरताना दिसतात.

1961 नंतर परदेशी सुटे भाग मिळणे अवघड झाले. पेट्रोल इंजिन गेले की त्या जागी बऱ्याचदा पर्किन्स पी6 डिझेल इंजिन आले. ते उंच असल्याने काही गाड्यांची बॉनेट वर उचललेली किंवा कडेने कापलेली दिसते. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यात विचित्र फट दिसली तर इंजिन बदलले असल्याचा दाट संशय घ्यावा. जाळीही मिळेल ती बसवली जाई.

काळाच्या मर्यादा आखायला नंबरपाटी सर्वांत भरवशाची. गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित असताना पाट्या 'जीडी'ने सुरू होत. 30 मे 1987 ला गोवा राज्य झाले म्हणून पाटी बदलली नाही. 1 जुलै 1989 ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला, त्यानंतर 'जीए 01' आणि 'जीए 02' आल्या. जीडी म्हणजे '1961 नंतर' एवढेच. '1989 पूर्वी' नाही, कारण जुन्या गाड्या जुन्या पाटीवरच धावत राहिल्या. पाटीवर काही वाचता येत नसेल तर रस्ता बघावा. मांडवीवरचा पहिला पूल 1970 ला खुला झाला आणि 5 जुलै 1986 ला कोसळला. जुवारीचा पूल 1983 चा. फेरीबोटीवर बस असलेला पणजी-बेतीचा फोटो 1970 पूर्वीचाच असेल असे म्हणणाऱ्यांना 1986 नंतरची वर्षे आठवत नाहीत. तेव्हा फेरीबोटी पुन्हा भरभरून वाहत होत्या. चौकटीत कुठे टाटा 407 दिसली तर 1986 ही खालची मर्यादा आपोआप मिळते. 1980 पासून सरकारी महामंडळाच्या बसेसही दिसू लागतात.

मोजमापाची पद्धत वापरायची तर बाजूने काढलेला फोटो हवा. टायर हे एकक धरून दोन चाकांच्या मध्यांतले अंतर मोजतात. 7.50-20 टायरचा व्यास सुमारे 93.5 सेंटिमीटर असतो आणि 9.00-20 चा सुमारे 102. अंतर साडेचार टायर भरले तर पहिल्या हिशोबाने 4.2 मीटर येते, दुसऱ्याने 4.6. ओबी बसचे खरे अंतर 4.42 मीटर, बरोबर या दोघांच्या मध्ये. म्हणजे टायरचे माप वाचता येत नसेल तर हा हिशोब जवळच्या दोन मॉडेलांत निवड करायला निरुपयोगी आहे. फार तर आखूड आणि लांब चासी वेगळ्या काढता येतात. भरलेल्या गाडीचा टायर खाली दबलेला असतो, म्हणून व्यास आडवा मोजावा. पुढचे आणि मागचे चाक दोन्ही मोजून सरासरी घ्यावी, नाहीतर कॅमेऱ्याच्या जवळचे चाक हिशोब बिघडवते. गाडी तिरपी उभी असेल तर मोजण्याच्या फंदात पडू नये.

अलीकडे एक नवीनच अडचण आली आहे. पुसट फोटो संगणकाकडून 'स्पष्ट' करून घेतले जातात. ते तंत्र हरवलेला तपशील परत आणत नाही, शोभेल असा तपशील भरते. पाच पट्ट्यांच्या सहा होतात, पाटीवर न वाचता येणारे आकडे वाचता येऊ लागतात, पण ते खरे नसतात. रंगवलेल्या फोटोंचे तसेच. ओळख पटवताना मूळ छापील प्रतीचे, धूळ-डागांसकट केलेले, किमान 600 डीपीआयचे स्कॅन मागावे. डाग पुसलेली प्रत आली तर जाळीच्या पट्ट्या मोजू नयेत. फोटोखालची ओळही तीन भागांत लिहावी: चासी कोणती आणि कोणत्या वर्षांतली, बॉडी कुठली असावी, आणि फोटो कोणत्या पुराव्याने कधीनंतरचा किंवा कधीपूर्वीचा. उदाहरणार्थ, 'चासी बेडफर्ड ओ मालिका, 1939–53. बॉडी स्थानिक, लाकडी. फोटो 1961 नंतरचा, जीडी पाटीवरून. छपाई उलटी होती, सुलट केली आहे.'