प्रतिस्थापन पद्धत

दोन चलांतील रेषीय एकसामयिक समीकरणे (चलांच्या त्याच किमतींनी एकाच वेळी खरी ठरणारी समीकरणे) सोडवण्याची एक बैजिक रीत. एका समीकरणातून एका चलाची किंमत दुसऱ्या चलाच्या रूपात काढतात आणि ती उरलेल्या समीकरणात त्या चलाच्या जागी ठेवतात. मग एकाच चलाचे समीकरण हाती येते.

५क्ष − २य = ४ … (१)
३क्ष − य = ३ … (२)

(२) मध्ये य चा सहगुणक (चलाला गुणणारी संख्या) −१ आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी, अपूर्णांक टळतात. य = ३क्ष − ३. सामाईक उकलीसाठी दोन्ही समीकरणांतला य एकच असतो, म्हणून (१) मध्ये य ऐवजी ३क्ष − ३ लिहिता येते:

५क्ष − २(३क्ष − ३) = ४
५क्ष − ६क्ष + ६ = ४

यावरून क्ष = २, य = ३.

इथे कंसाला फार जपावे लागते. −२ ने −३ ला गुणल्यावर +६ येतात; घाईत −६ लिहिले, तर क्ष = −१० आणि य = −३३ अशी चुकीची उत्तरे मिळतात. विशेष म्हणजे (२) मध्ये ताळा पाहिला तर ही चूक सापडतच नाही: −३० + ३३ = ३. य ची किंमत त्याच समीकरणातून काढलेली असल्याने ते जुळणारच. (१) मध्ये मात्र डावी बाजू ४ ऐवजी १६ येते. त्यामुळे खरा ताळा ज्या समीकरणात किंमत ठेवली त्यात पाहायचा. याच कारणाने य ची किंमत पुन्हा (२) मध्येच ठेवली, तर ३ = ३ एवढेच उरते आणि उकल पुढे सरकत नाही.

कधी कधी किंमत योग्य जागी ठेवूनही दोन्ही चले नाहीशी होतात. ० = ५ सारखे असत्य विधान उरले तर समीकरणांना सामाईक उकल नाही, आलेखावरील त्यांच्या रेषा समांतर आहेत. ० = ० उरले तर दोन्ही समीकरणांची रेषा एकच असून उकली अनंत आहेत.

एकही सहगुणक १ किंवा −१ नसेल, तर समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एका चलाचा लोप करण्याची, म्हणजे ते चल घालवण्याची, पद्धत बहुधा सोयीची पडते. प्रतिस्थापनाचे खरे बळ रेषीय समीकरणांपलीकडे दिसते. क्ष + य = ७ आणि क्ष × य = १२ या जोडीत नुसत्या बेरीज-वजाबाकीने चलाचा लोप होत नाही; य = ७ − क्ष ठेवताच क्ष(७ − क्ष) = १२ हे वर्गसमीकरण मिळते आणि (३, ४) व (४, ३) या दोन्ही उकली निघतात.