पार्श्वभूमी : गाण्याची फाइल विकली गेली, सिनेमाची का अडली?

28 एप्रिल 2003 रोजी ॲपलने आयट्यून्सचं गाण्यांचं दुकान उघडलं. 2 लाख गाणी, प्रत्येकी 99 सेंट. पहिल्याच आठवड्यात 10 लाख गाणी विकली गेली. ऑक्टोबर 2005 मध्ये त्याच दुकानात टीव्ही मालिकांचे भाग 1.99 डॉलरला मिळू लागले, तेव्हा आता सिनेमाही याच वाटेने जाणार असा अनेकांचा होरा होता. तसं झालं नाही. त्याचं मूळ इंटरनेटच्याही आधी, सीडी-डीव्हीडीच्या चकत्यांमध्ये सापडतं.

1982 मध्ये बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीला कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारी तांत्रिक सोय, नव्हतं. चकती संगणकात घातली की गाणी उतरवून घेता येत. सीडीवरचा आवाज सेकंदाला 1411 किलोबिटचा. 128 किलोबिटचा एमपी3 केला की तो अकरा पटींनी लहान होतो, म्हणजे मिनिटाला साधारण 1 एमबी. 1998 मध्ये डायमंड कंपनीचा रिओ प्लेअर आला. त्याची मेमरी 32 एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला, पण जून 1999 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला आणि स्वतःजवळची गाणी स्वतःसाठी अशा यंत्रात घेणं गैर मानलं नाही. हा निकाल फार मोलाचा. त्यामुळे ऑक्टोबर 2001 मध्ये 5 जीबीचा आयपॉड आला तेव्हा तो भरायला लोकांकडे स्वतःच्या सीडी होत्या, आणि नॅपस्टर या गाणी आपसात वाटण्याच्या सेवेवरून फुकट उतरवलेली गाणीही. ॲपलचं दुकान उघडायला आणखी दीड वर्ष लागलं. गिऱ्हाईक आधी तयार झालं, माल नंतर आला.

डीव्हीडीच्या बाबतीत हा क्रम जुळलाच नाही. तिच्यावर सुरुवातीपासून सीएसएस नावाचं कुलूप होतं. ऑक्टोबर 1999 मध्ये डीसीएसएस हा प्रोग्राम पसरला आणि तांत्रिकदृष्ट्या ते फुटलं. कायद्याचं मात्र वेगळं. 1998 च्या डीएमसीए कायद्याने अमेरिकेत असं कुलूप तोडणं आणि तोडण्याचं साधन विकणं बेकायदा ठरवलं होतं. 2008 मध्ये रिअलनेटवर्क्स कंपनीने रिअलडीव्हीडी हा प्रोग्राम आणला. तो डीव्हीडीची प्रत हार्ड डिस्कवर घेई आणि त्या प्रतीवर स्वतःचं आणखी एक कुलूप घाली. स्टुडिओंनी तरीही न्यायालय गाठलं आणि ऑगस्ट 2009 मध्ये विक्री थांबवण्याचा आदेश मिळवला. आदेश देणाऱ्या न्यायाधीश मेरिलिन पटेल यांच्याच समोर आधी नॅपस्टरचा खटला चालला होता. घरातल्या कपाटातले सिनेमे यंत्रात न्यायचा सरळ, कायदेशीर रस्ता असा बंद राहिला. मग सिनेमाचं यंत्र घेणाऱ्याने त्यात भरायचं काय? सगळंच पुन्हा विकत घ्यायचं!

आकाराची अडचण होतीच. चार मिनिटांचं गाणं 4 एमबी. 256 केबीपीएसच्या (सेकंदाला 256 किलोबिट) इंटरनेट जोडणीवर दोन मिनिटांत उतरतं. 1 जीबीच्या सिनेमाला त्याच जोडणीवर पावणेनऊ तास लागतात, तेही वेग एकदाही घसरला नाही तर. भारताच्या 2004 च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान व्याख्या हीच 256 केबीपीएस होती. आपल्याकडच्या व्हीसीडीला, म्हणजे सिनेमाच्या सीडीला, कुलूप नव्हतं, चित्र 352 बाय 288 आणि सिनेमाला दोन-तीन चकत्या. मोजर बेअर कंपनी ती 28 रुपयांना विकू लागल्यावर रात्रभर संगणक चालू ठेवून सिनेमा उतरवण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

अमेरिकेत एमजीएम, पॅरामाउंट, सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या पाच स्टुडिओंनी नोव्हेंबर 2002 मध्ये मूव्हीलिंक हे सिनेमे उतरवून घेण्याचं ऑनलाइन दुकान सुरू केलं, म्हणजे आयट्यून्सच्या दुकानाच्याही आधी. भाड्याने उतरवलेला सिनेमा 30 दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यापासून 24 तासांत संपवायचा. चालणार फक्त विंडोजवर. रात्री झोप आली आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी उशिरा लावला, की परवाना संपलेला. शिवाय सिनेमा संगणकात आणि टीव्ही दुसऱ्या खोलीत. ॲपलच्या फाइलीतही हीच गोम होती. विकत घेतलेलं गाणं साध्या ऑडिओ सीडीवर उतरवता येई. सिनेमाची मात्र नेहमीच्या प्लेअरवर चालणारी डीव्हीडी करता येत नसे. टीव्हीवर पाहायचा तर मार्च 2007 मध्ये आलेला 299 डॉलरचा ॲपल टीव्ही घ्या, नाहीतर केबल जोडत बसा. सप्टेंबर 2006 मध्ये आयट्यून्सवर डिझ्नीचे 75 सिनेमे आले, 640 बाय 480 चित्रात, नवे 14.99 डॉलरपर्यंत. जवळपास त्याच पैशात डीव्हीडी मिळे, ती मित्राला देता येई आणि जुनी झाल्यावर विकताही येई.

स्टुडिओंचा आडमुठेपणा नुसता भीतीपोटी नव्हता, हेही मान्य करायला हवं. सिनेमाची कमाई टप्प्याटप्प्याने होते : आधी थिएटर, मग डीव्हीडी, मग एचबीओसारख्या वाहिन्या. प्रत्येक टप्प्याचे करार वेगळे. डीव्हीडी विकणारी मोठी दुकानं स्वस्त डाउनलोडवर नाराज होत आणि स्टुडिओंना त्यांना दुखावणं परवडणारं नव्हतं. गाण्याला असे टप्पे नव्हते. शिवाय अल्बममधून एक गाणं सुटं काढून 99 सेंटला विकता आलं. सिनेमाचं सुटं काय विकणार? गाणं शंभरदा ऐकलं जातं, सिनेमा बहुतेक जण एकदाच पाहतात. मालकीची ओढ त्यामुळे मुळातच कमी.

पुढे वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. आयट्यून्सवरच्या गाण्यांच्या फाइलींनाही कुलूप होतं. 2007 मध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीने आपल्या गाण्यांवरचं ते काढलं आणि जानेवारी 2009 मध्ये आयट्यून्सवरची सगळी गाणी कुलूपमुक्त होणार असं जाहीर झालं. सिनेमाचं कुलूप तसंच राहिलं, आणि त्याचा धोका ऑगस्ट 2007 मध्येच दिसला होता. गूगलने व्हिडिओ विक्री बंद केली आणि लोकांनी विकत घेतलेले व्हिडिओ चालेनासे होणार होते, कारण परवाना तपासणारा सर्व्हरच बंद होत होता. बरीच ओरड झाल्यावर पूर्ण पैसे परत मिळाले. स्टुडिओंनीच उभारलेलं अल्ट्राव्हायोलेट हे विकत घेतलेल्या सिनेमांचं सामाईक ऑनलाइन कपाटही जुलै 2019 मध्ये बंद झालं. दरम्यान, जानेवारी 2007 पासून नेटफ्लिक्सने स्ट्रीमिंग सुरू केलं होतं. लोकांना जे हवं होतं ते, म्हणजे लगेच आणि टीव्हीवर पाहणं, त्यातून मिळत गेलं. आज ॲपमधलं ‘डाउनलोड’चं बटण गाडीत पाहण्याची सोय करतं, मुदत संपली की फाइल निरुपयोगी.

कुलूपमुक्त सिनेमा विकून पाहणारेही झाले. कुलूपमुक्त गेम विकणाऱ्या जीओजीने ऑगस्ट 2014 मध्ये सिनेमे ठेवले. बहुतेक गेमविषयीचे माहितीपट, साधारण 6 डॉलरला. मोठ्या स्टुडिओंशीही ते बोलले होते. स्टुडिओंना कल्पना पटली, पण पहिलं कुणी व्हायचं, यावर गाडी अडली.