दहाच गावं मागितली, तरी सगळा ग्राफ का पालथा होतो?

तासगाव-सांगलीच्या बेदाणा सौद्यांत येणारा माल एका गावचा नसतो. सावळज, मणेराजुरीपासून पार विजयपूरपर्यंतचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला थांबतो, अडत्याच्या पेढीवरून व्यापाऱ्याकडे जातो. हा व्यवहार ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे गोष्टी आणि त्यांच्यातले संबंध साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये घातला, म्हणजे शेतकरी, शेड, लॉट, पेढी हे नोड आणि देणंघेणं हे दुवे, की एक प्रश्न हमखास येतो: अमुक व्यापाऱ्याकडे कुठल्या गावांचा माल आला? दहा वेगळी गावं दाखव. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, ‘डिस्टिंक्ट’ (दुबार गाळा) आणि ‘लिमिट १०’ (दहाच ओळी द्या). उत्तर दहा ओळींचं, म्हणून काम चुटकीसरशी व्हावं अशी अपेक्षा. प्रत्यक्षात क्वेरी फिरतच राहते.

याची मुळं ग्राफ डेटाबेसच्या आधीची आहेत. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याची पद्धत, मांडलं, तेव्हा तक्ता म्हणजे गणितातला संच होता. एकच ओळ दोनदा येणं त्यात बसतच नव्हतं. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात एसक्यूएल ही तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा घडताना मात्र खर्चाचा हिशेब झाला. दुबार ओळी गाळणं महाग पडतं, तेव्हा त्या राहू द्याव्यात, ज्याला नको असतील त्याने तसं सांगावं, असं ठरलं. कॉड यांनी पुढे यावर सडकून टीका केली. माझ्या मते त्या काळच्या यंत्रांवर तोच निर्णय शहाणपणाचा होता.

‘इतक्याच ओळी पुरे’ हे सांगण्याची सोय मागाहून आली. १९९७ मध्ये कॅरी आणि कॉसमन यांनी ‘स्टॉप आफ्टर’ हे कलम सुचवलं. एसक्यूएलच्या अधिकृत मानकात तशी तरतूद २००८ साली झाली. ती कामाला येते ती गोट्झ ग्रेफ यांच्या व्होल्कॅनो पद्धतीमुळे: क्वेरीचं काम एकावर एक रचलेल्या टप्प्यांत (ऑपरेटरांत) चालतं, वरचा ऑपरेटर खालच्याकडे एकेक ओळ मागतो, पुरेशा मिळाल्या की मागणं बंद करतो. पण मध्ये ओळी क्रमाने लावणारा सॉर्ट आला, की त्याला शेवटची ओळ येईपर्यंत पहिलीही देता येत नाही. ‘डिस्टिंक्ट’ने पाहिलेली मूल्यं हॅश तक्त्यात (मूल्य आधी आलंय का हे झटकन सांगणाऱ्या यादीत) ठेवून नवं मूल्य लगेच पुढे सोडलं, तर ही अडचण टळते. बरेच ग्राफ डेटाबेस तसंच करतात.

तरीही अडतं, कारण ग्राफमध्ये ओळी म्हणजे दुव्यांवरून एका नोडपासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या वाटा. प्रत्येक नोडला दहा दुवे धरले तर पाच पावलांत एक लाख वाटा होतात, आणि गावं मोजकीच. स्पार्कल या ग्राफला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या १.१ आवृत्तीच्या मसुद्यात वाटा मोजण्याची अट होती. २०१२ मध्ये अरेनास, कोंका आणि पेरेझ यांनी दाखवलं, की छोट्याशा ग्राफवरही ही मोजणी हाताबाहेर जाते. मग कितीही लांबीच्या वाटांसाठी मोजणी सोडून ‘वाट आहे की नाही’ एवढंच विचारायचं, असा बदल झाला. (स्पार्कलमध्ये २००८ पासून ‘रिड्यूस्ड’ नावाचा शब्दही आहे: दुबार ओळी गाळल्या तरी चालतील, नाही गाळल्या तरी चालतील. इतकी अघळपघळ सूट अधिकृत मानकात क्वचितच दिसते.)

खरी गोम वेगळीच. त्या व्यापाऱ्याकडे नऊच गावांचा माल आला असेल, तर दहावं कधीच सापडणार नाही. डेटाबेसला ते आधी ठाऊक नसतं. ‘लिमिट’ लागूच होत नाही, आणि उरलेल्या सगळ्या वाटा दहाव्या गावाच्या शोधात तुडवल्या जातात. ‘लिमिट ५’ झटकन येतं आणि ‘लिमिट १०’ संपत नाही, यात अनेकदा एवढंच असतं.

२०११ च्या सुमारास निओफोरजे या ग्राफ डेटाबेससोबत सायफर ही क्वेरीची भाषा आली. त्यात पुढे छाटणी करणारा ऑपरेटर आला: उत्तरात फक्त वेगळे नोड हवे असतील, तर नवं काही न देणाऱ्या फांद्या तो सोडून देतो. मात्र क्वेरीने वाटेचीच माहिती मागितली, उदाहरणार्थ मधल्या पेढीचं नाव, तर ही छाटणी करता येत नाही.

तशा वेळी प्रश्न उलटा करून पाहावा. बेदाण्याच्या गावांची यादी तशी आवाक्यातली आहे. प्रत्येक गाव घेऊन ‘एक्झिस्ट्स’ने विचारायचं, की इथून त्या व्यापाऱ्यापर्यंत एक तरी वाट आहे का, पहिली सापडली की त्या गावाचा शोध थांबतो. जिथे वाटच नाही तिथे सगळं तपासावं लागतं, म्हणून पावलांची कमाल मर्यादा घातलेली बरी.