निसान संपला की फुललेल्या झाडांचं आशीर्वचन हुकलं?

"फळझाडांच्या मोहोरावरचं ज्यू आशीर्वचन फक्त निसान महिन्यातच म्हणता येतं, महिना उलटला की वर्ष वाया," असं दर वसंतात फिरत असतं. निसान हा ज्यू पंचांगातला, साधारण मार्च-एप्रिलमध्ये येणारा महिना.

हा समज हवेतून आलेला नाही. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या बराखोत भागात (पान ४३, मागची बाजू) खरोखरच लिहिलंय की, निसानच्या दिवसांत बाहेर पडून बहरलेली झाडं दिसली तर देवाची स्तुती करावी, कारण त्याने जगात काही उणं ठेवलं नाही आणि माणसाच्या आनंदासाठी चांगली झाडं निर्माण केली. शुल्हान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाच्या ओराह हायिम विभागातलं प्रकरण २२६ उघडा. तिथेही निसानच आहे. पण पुढची अट पाहा: वर्षातून एकदाच म्हणायचं, आणि फळं वाढेपर्यंत उशीर केला तर म्हणायचं नाही. म्हणजे मर्यादा फळाने घातली आहे. मिश्ना ब्रुरा हे त्यावरचं भाष्य तर स्पष्टच सांगतं की निसान हा उष्ण प्रदेशांत सहसा बहर येण्याचा काळ म्हणून आलाय. दुसऱ्या महिन्यात पहिला बहर दिसला तरी म्हणावं.

ऑस्ट्रेलियात निसान शरद ऋतूत येतो, म्हणून तिथे अनेक जण तिथल्या वसंतात, सप्टेंबरच्या सुमारास म्हणतात. आपल्या कोकणात निसान येईतो आंब्याचा मोहोर बहुधा जाऊन कैऱ्या धरलेल्या असतात!

कब्बाला या ज्यू गूढवादी परंपरेत मात्र निसानचाच आग्रह आहे. त्यामुळे ती पाळणाऱ्या घरात महिना सांभाळतात, आणि ते त्यांच्या रीतीला धरूनच आहे.